चार सेकंदांचा पडदा

अर्जुनीच्या पुढं, तलावाच्या पाळीखाली आमची शाळा.
एका खोलीत आठ कम्प्युटर, कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेले.
त्यांच्यात मी लिनक्स भरलं,
कारण फुकट, आणि म्हातारी यंत्रं त्यावर तग धरतात.
बटण दाबलं की दिसायचं
काळ्यावर फिरणारं एक पांढरं वर्तुळ.
त्रिवेणी कापगते म्हणाली,
"सर, हे तं नुसतं गरगर करते."

दसाराम लांजेवारांनी चाळीस वर्षं
झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवले.
राजवाडा, जंगल, भर रस्ता, पुन्हा राजवाडा.
मग फ्लेक्स आलं.
आता ते सलूनच्या शटरवर दाढीचे भाव लिहितात.
मी त्यांना एक पुठ्ठा दिला.
तिसऱ्या दिवशी त्यावर तलाव होता,
धानाच्या बांध्या, दोन सारस,
आणि आभाळ त्या निळ्याचं
जो निळा फक्त पडद्यावर असतो.

मोबाइलनं फोटो काढून आठही यंत्रांत घातला.
आत धावपळ चालते तेव्हा,
कुणी डिस्क तपासतंय, कुणी घड्याळ लावतंय,
कुणाला कीबोर्डच सापडत नाहीये,
तेवढा वेळ पुढं सारस उभे.
दसारामजी म्हणाले, "समजलं जी.
आत मिशा चिकटवणं सुरू आहे."

पण महिन्याकाठी नवं कर्नेल यायचं
आणि पडदा गळून पडायचा.
"सर, सारस गेले."
मी एकेका यंत्रापुढं बसून तेच चार हुकूम टाइप करायचो,
सहाव्यावर हमखास लाइन जायची.
दसारामजी दारातून बघत होते.
"कर्नल बदलला, तं पडदा कायले काढून टाकते जी?"
कर्नल नाही, म्हटलं, कर्नेल. धानातला तांदूळ समजा.
नवा तांदूळ आला की यंत्र
पहाटेची शिदोरी नव्यानं बांधतं,
आणि आपलं चित्र बाहेरच राहतं.

ते जरा वेळ गप्प बसले.
"आमच्याकडं पडदा ओढाले मुरारी होता.
तिसरी घंटा झाली का ओढे.
त्याले कोणी सांगत नव्हतं.
नाटक कोणतं, हेही त्याले मालूम नसे."

त्या रात्री मी मुरारी लिहायला घेतला. सात ओळींचा.
सारस उचलायचे, जागेवर ठेवायचे, बाजूला व्हायचं.
कर्नेल आलं की ज्यांना हाक जाते
त्यांच्या फोल्डरात त्याला बसवला.
उठला नाही.
नावाच्या शेवटी टिंब देऊन शेपूट लावलं होतं,
आणि तिथं टिंबवाल्याला कुणी हाकच मारत नाही.
टिंब काढलं. तरी ढिम्म.
फाइलला चालायची परवानगी द्यायचीच राहिली होती.
दिली. आता आला, पण उशिरा:
हाका इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं,
शिदोरी बांधणारा आय वर, मुरारी एम वर.
गाठ मारून झाली तेव्हा
हा दोन सारस काखेत घेऊन दारात.
शेवटी त्याच्या नावाआधी दोन ए लावले.
वर्गात पहिला यायला एवढं पुरतं, हे मला
शाळेत असताना कुणी सांगितलं नाही.

शनिवारी नवं कर्नेल आलं.
सोमवारी आठ बटणं दाबली गेली.
मी कान देऊन बसलो होतो.
कुणी काहीच म्हणालं नाही.
त्रिवेणी तर कधीच आत शिरून
गुणाकाराच्या खेळात कुणाला तरी हरवत होती.

दुपारी दसारामजी आले,
आठव्यासमोर उभे राहिले, चौकोनी पडद्याच्या त्या जुन्या डब्यासमोर.
"बंद करून लाव."
चार सेकंद.
"अजून एकदा."
चार सेकंद.
मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले,
"उजव्या सारसाचा पाय आखूड दिसते ना जी.
मंडईच्या आत दुसरं काढून देतो.
पुठ्ठा आहे का?"

मी कपाटामागं शोधायला उठलो.